व्हीआयए पॉझिटिव्ह आलं म्हणून पिशवी काढायची का?

प्रश्न थोडक्यात असा. लातूर जिल्ह्यातल्या एका गावी आरोग्य शिबिर झालं. तिथे तुमच्या वहिनींची तपासणी झाली. वय ३६, दोन मुलं, तक्रार एवढीच की अधूनमधून अंगावरून पांढरं जातं. सिस्टरांनी औषध लावून बघितलं आणि कार्डावर ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’ असं लिहून दिलं. मग तालुक्याच्या गावी खासगीत दाखवलं. तिथे सोनोग्राफी झाली आणि सांगण्यात आलं, ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल, मुलं झालीच आहेत, तर पिशवी काढून मोकळ्या व्हा.’ खर्च चाळीस हजार. घरात तारखेची बोलणी चालू आहेत. तुम्ही विचारताय की काढावी का, आणि शिबिरातल्या असल्या तपासणीला काही अर्थ असतो का, की शहरात जाऊन पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन होणारी तपासणी, करून घ्यावी.

ऑपरेशनची तारीख घेऊ नका, हे आधी सांगते. कधीच पिशवी काढावी लागणार नाही, असं मी म्हणत नाही. पण आज तुमच्या हातात जे कागद आहेत, त्यांतल्या एकावरूनही तो निर्णय होत नाही. मधली एक पायरी राहिली आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मराठवाडा आणि सोलापूरच्या पट्ट्यात अनेक वर्षं काम करते आहे, आणि ही मधली पायरी गाळलेल्या बायका मला जवळजवळ प्रत्येक ओपीडीत भेटतात. काही पिशवी काढून आलेल्या असतात, काहींनी कार्ड कपाटात ठेवून दिलेलं असतं. दोघींची बायोप्सी झालेलीच नसते.

शिबिरात जी व्हीआयए केली, ती म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. गर्भाशयाच्या मुखावर, म्हणजे पिशवीच्या तोंडावर, ३ ते ५ टक्क्यांचं अॅसेटिक अॅसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. एक मिनिट थांबतात आणि चांगल्या उजेडात बघतात. जिथल्या पेशी बदललेल्या असतात तिथे पांढरा, ठळक कडांचा डाग उठतो. गोम अशी, की पांढरं फक्त तिथेच उठतं असं नाही. जंतुसंसर्ग असला, सूज असली, किंवा त्या भागातल्या पेशींची नेहमीची अदलाबदल चालू असली, तरीही फिकट पांढरं दिसतं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, जो मोठा अभ्यास झाला त्यात व्हीआयए केलेल्या बायकांपैकी साधारण १४ टक्के पॉझिटिव्ह आल्या होत्या. त्या पॉझिटिव्ह बायकांमध्येही, ज्यावर उपचार करायलाच हवेत असा बदल दहांतल्या जेमतेम एकीला सापडला. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ ‘नीट बघायला हवं’ इतकाच आहे. वहिनींना कॅन्सर झालेला नाही, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण ती शक्यता कमी आहे, आणि ती कशी तपासायची याची पद्धत ठरलेली आहे.

ती पद्धत म्हणजे कॉल्पोस्कोपी आणि गरज वाटली तर बायोप्सी. जिल्हा रुग्णालयात, सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये होते. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल तुमच्याकडून फार लांब नाही. नेहमीच्या तपासणीसारखंच झोपवतात, भिंग असलेल्या दुर्बिणीतून मुखाकडे बघतात, तेच औषध पुन्हा लावतात. मग आयोडीन लावतात. निरोगी भाग गडद तपकिरी होतो आणि संशयाचा भाग पिवळसर राहतो. तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतात, तीच बायोप्सी. चिमटा काढल्यासारखं होतं, भूल लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांत बाई उठून बाहेर येते. दोन-चार दिवस थोडं लाल किंवा काळपट जातं. पाळी चालू असताना जाऊ नका. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध आणि आत ठेवायची औषधाची वडी दोन्ही टाळा. पाळी चुकलेली असेल तर ते तिथे आधी सांगा.

रिपोर्टमध्ये साधारण चारांपैकी एक गोष्ट येते. नुसती सूज असेल तर तिचे उपचार करायचे. सीआयएन १, म्हणजे पेशींमधला सौम्य बदल, आलं तर बहुतेकींचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. काही न करता वर्षाने पुन्हा तपासायचं, मात्र तपासायचंच. सीआयएन २ किंवा ३ आलं तर तो कॅन्सरच्या आधीचा टप्पा असतो आणि तेवढाच भाग काढता किंवा जाळता येतो. थर्मल अॅब्लेशनमध्ये साधारण १०० अंशांपर्यंत तापलेलं टोक मिनिटभराच्या आत काम करतं. डाग मोठा असेल किंवा मुखाच्या आतल्या नळीत शिरला असेल तर तारेच्या वेटोळ्याने तो भाग कापून काढतात, त्याला लीप म्हणतात. दोन्हींत पिशवी जागेवर राहते, बाई त्याच दिवशी घरी जाते. चौथी शक्यता प्रत्यक्ष कॅन्सरची. तो निघाला तर वाट वेगळी, आणि ती वाट तालुक्याच्या नर्सिंग होममधून जात नाही.

‘जखम’ हा शब्द मी रोज ऐकते. तरुण बायकांमध्ये, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये, बाळंतपणं झालेल्यांमध्ये मुखाच्या आतल्या नाजूक पेशी बाहेरच्या बाजूला येतात आणि तो भाग लालभडक दिसतो. उघड्या डोळ्यांना ती जखमच वाटते. बहुतेक वेळा ती जखम नसते आणि पुढे तिचा कॅन्सरही होत नाही. सोनोग्राफीबद्दलही सांगते. तिच्यात गाठी दिसतात, अस्तराची जाडी दिसते, पण मुखावरच्या पेशींमधला कॅन्सरपूर्व बदल सोनोग्राफीत दिसत नाही. माझ्यासमोर बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढते तेव्हा तीन-तीन सोनोग्राफ्या असतात. प्रत्येकीवर ‘बल्की युटेरस’ (पिशवी मोठी) आणि ‘सर्व्हिसायटिस’ (मुखाला सूज) लिहिलेलं असतं, आणि त्याखाली कोणीतरी पेनाने ‘हिस्टरेक्टॉमी’, म्हणजे पिशवी काढणं, लिहून अधोरेखित केलेलं असतं. मुखाकडे स्पेक्युलम, म्हणजे आतून बघण्याचं साधन, लावून कोणी बघितल्याची नोंद बऱ्याचदा एकाही कागदावर नसते.

आता आधीच पिशवी काढण्यात नुकसान काय, कारण घरचे तुम्हाला नेमकं हेच विचारतील: ‘काढली तर काळजीच मिटली, नाही का?’ नाही मिटत. बायोप्सी साधी निघाली असती तर एक मोठं ऑपरेशन फुकट झालं. ३६ व्या वर्षी पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचा काळ दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, पुढे हृदयाचा धोका. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उलटी शक्यता. समजा आत खरोखर कॅन्सर दडलेला आहे आणि तो न ओळखता साधं ऑपरेशन झालं. अगदी सुरुवातीचा, सूक्ष्म कॅन्सर सोडला तर मुखाच्या कॅन्सरला साधं ऑपरेशन पुरत नाही. आजूबाजूचं आवरण आणि लसिका ग्रंथींसकट मोठं ऑपरेशन लागतं, किंवा रेडिएशन. अर्धवट ऑपरेशन करून आलेल्या बाईचा रोग मागे राहिलेला असतो, आतून रेडिएशन देण्यासाठी जी नैसर्गिक पोकळी वापरतात तीच नाहीशी झालेली असते, आतडं खाली आलेलं असतं. भीतीपोटी केलेल्या ऑपरेशनने खऱ्या रोग्याचा उपचार अवघड होऊन बसतो.

बीडचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. ऊसतोड कामगार बायकांची पाहणी २०१९ मध्ये झाली. त्यात ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीत कामाचा खाडा परवडत नाही, उचल फिटायची असते, हे एक कारण. पण त्या बायकांशी बोललं की दुसरं कारणही सापडतं: पांढरं जातं म्हणून गेल्या आणि ‘कॅन्सर होईल’ ऐकून आल्या. भीती खरी, आजाराचा पत्ता नाही.

तरीही ही भीती हवेतून आलेली नाही. भारतात २०२२ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. जगभरात साधारण साडेतीन लाख मृत्यू झाले आणि त्यांतले सुमारे ९४ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. रोग तोच, तो घडवणारा एचपीव्ही हा विषाणू तोच. फरक एवढा, की श्रीमंत देशांतल्या बाईला दर काही वर्षांनी तपासणीचं बोलावणं येतं. आपल्याकडे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम २ टक्क्यांची आयुष्यात कधीतरी ही तपासणी झालेली आढळली. एकीकडे शंभरातल्या एकदाही न तपासलेल्या ९८, दुसरीकडे न तपासताच पिशव्या काढलेल्या हजारो. या दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात सुखाने नांदतात.

आता पॅप स्मिअर की शिबिर. पॅप चांगली आहे, पण ती एकटी काम करत नाही. तिच्यामागे काच नीट वाचणारा प्रशिक्षित माणूस, दर तीन वर्षांनी पुन्हा बोलावणारी यंत्रणा आणि रिपोर्ट घेऊन बाईपर्यंत पोचणारा कोणीतरी लागतो. आपल्याकडे काच जिल्ह्याला जाते, रिपोर्ट तीन आठवड्यांनी येतो आणि तोवर टोळी कर्नाटकात ऊस तोडायला गेलेली असते. म्हणून तर साधे पर्याय शोधले गेले, आणि अभिमानाने सांगावं असं बरंच काम आपल्याच मातीत झालं.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने सुमारे दीड लाख बायकांमध्ये अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली. तपासणी मिळालेल्या बायकांच्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तमिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यात परिचारिकांनी एकदाच केलेल्या व्हीआयएनेही मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. पण उस्मानाबादेत गणित वेगळं निघालं. ५२ समूहांमधल्या, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा हा अभ्यास बार्शीचं हॉस्पिटल, टाटा आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केला. त्यात एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. व्हीआयए आणि पॅपच्या गटांत मात्र ठोस घट दिसली नाही. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने पुढे एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागे या आपल्या गावांमधल्या बायकांचा वाटा मोठा आहे. (या अभ्यासांतल्या तुलनेच्या गटाला तपासणी दिली नव्हती, यावर पुढे बरीच टीका झाली. मला ती टीका पटते. आकडे वापरतानाही ती विसरू नये.)

मग व्हीआयए एकीकडे उपयोगी आणि दुसरीकडे नाही, असं का? माझ्या मते बघणाऱ्याच्या डोळ्यामुळे. व्हीआयएत मशीन नाही, माणूस आहे. सिस्टर रोज बघत असेल, वरिष्ठ अधूनमधून तिच्याबरोबर बसून पडताळत असतील, तर ही तपासणी उत्तम चालते. वर्षातून एका शिबिरात, मांडवात, बॅटरीच्या उजेडात, संख्या गाठायची म्हणून केली तर ती चालत नाही. शिवाय पाळी गेलेल्या बायकांमध्ये बदल होणारा पट्टा आत नळीत सरकतो, बाहेरून दिसतच नाही. तिथे व्हीआयए निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होता येत नाही. म्हणून पैशाची सोय असेल आणि चाचणी मिळत असेल तर तीस वर्षांनंतर एचपीव्ही चाचणी करावी, निगेटिव्ह आली तर पाच ते दहा वर्षं पुन्हा लागत नाही. ती मिळत नसेल तर आरोग्य केंद्रातली व्हीआयए घ्यावी. ‘साधी’ म्हणून तिला नाकं मुरडू नयेत.

वहिनींनी आता नव्याने पॅप करायची गरज नाही. पॉझिटिव्ह आलंय, पुढची पायरी कॉल्पोस्कोपी. चाळणीची एक तपासणी झाल्यावर दुसरी चाळणी लावण्यात वेळ जातो.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या तुम्ही मला सांगितलेल्या नाहीत. वहिनींना आणखी मूल हवं असेल तर लीपऐवजी शक्य तिथे कमी काढणारा उपचार निवडतात. एचआयव्ही असेल तर सगळं गणित घाईचं होतं. अशा बायकांना तपासणी पंचविसाव्या वर्षापासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी सांगतात. आणि त्या पुन्हा तपासायला येऊ शकतील का, हा माझा नेहमीचा पहिला प्रश्न असतो. टोळीबरोबर सहा महिने बाहेर जाणारी बाई असेल, डाग पूर्ण दिसत असेल, कॅन्सरचा संशय नसेल, तर बायोप्सीच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच बैठकीत थर्मल अॅब्लेशन करून टाकणं मला योग्य वाटतं. जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही ही वाट आहे. शहरातल्या, फोनवर हजर असणाऱ्या बाईला मी असं करणार नाही. आणि पिशवी काढणं योग्य असतं अशाही वेळा येतात. उपचारानंतरही सीआयएन ३ परत आलं, मुखाचा पुरेसा भाग शिल्लक नाही, किंवा सोबत मोठ्या गाठी आणि अंगावर जास्त जाणं आहे. पण तेव्हाही बायोप्सी आधी, पिशवी नंतर.

वेळ किती आहे, हेही लोक विचारतात. न्यूझीलंडमध्ये एके काळी सीआयएन ३ असलेल्या काही बायकांवर पुरेसे उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलं गेलं. तो मोठा गैरप्रकार ठरला आणि त्याची चौकशी झाली. त्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. म्हणजे हा रोग सावकाश चालतो. महिनाभरात कॉल्पोस्कोपी झाली तर काही बिघडत नाही. वर्षभर कार्ड कपाटात राहिलं तर बिघडू शकतं.

घरात एक विषय निघेल म्हणून सांगून ठेवते. कधी एचपीव्ही चाचणी केली आणि पॉझिटिव्ह आली, तर ‘हा विषाणू संबंधातून येतो’ एवढंच कोणीतरी ऐकून येतं आणि मग भावाचं आणि वहिनींचं भांडण होतं. लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू होऊन जातो, आणि बहुतेकांचा तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. काहींत तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. आज सापडला म्हणून आजच आला, किंवा अमक्याकडून आला, असं कोणताही रिपोर्ट सांगत नाही. मी हे नवऱ्याला समोर बसवून सांगते, बाईला निरोप द्यायला लावत नाही.

वहिनींची मुलगी ९ ते १४ मधली असेल तर एचपीव्ही लसीचा विचार करा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, आधीच्या परदेशी लशीही आहेत. एका डोसने भागतं का, या प्रश्नाचं उत्तरही योगायोगाने भारतातच मिळालं. २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लशींचे अभ्यास थांबवले तेव्हा अनेक मुलींचे ठरलेले डोस अर्धवट राहिले. बार्शी, पुणे, मुंबई ही त्यांतली काही केंद्रं. त्या मुलींवर पुढे दहा वर्षं लक्ष ठेवलं, तर एका डोसचं संरक्षणही जवळपास पूर्ण डोसांइतकंच टिकलेलं आढळलं. तुमच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळते का ते आशाताईंना विचारा. ज्यांना बदल झालेले आहेत त्यांच्यावर मात्र लस हा उपचार नाही. वहिनींची तपासणी तिच्यामुळे टळत नाही.

आणि आता तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ. तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘आईला पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली, मधूनच थोडं लाल जातं, पण ती म्हणते उष्णतेचं आहे आणि तपासायला तयार नाही.’ तुमच्या सगळ्या मजकुरात मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटते. वहिनींना पांढरं जाण्यापलीकडे तक्रार नसताना तपासणीत काहीतरी दिसलं. आईंना प्रत्यक्ष लक्षण आहे. पाळी गेल्यावर एक थेंब जरी लाल गेलं तरी ती शिबिराची गोष्ट उरत नाही. त्यांना व्हीआयए नको, सरळ स्पेक्युलम लावून तपासणी, अस्तराची जाडी बघणारी सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे मुखाची आणि अस्तराची बायोप्सी हवी. बऱ्याच जणींना नुसतं कातडं कोरडं पडल्याने तसं होतं आणि एका मलमाने थांबतं. पण मुखाचा आणि अस्तराचा कॅन्सर दोन्ही याच वाटेने कळतात. संबंधानंतर लाल जाणं आणि वास येणारं पाणचट जाणं, हेही त्यातलंच.

दोघींना एकाच दिवशी न्या, म्हणजे आईही सुनेच्या सोबतीच्या निमित्ताने येतील. ओपीडीत पुरुष डॉक्टर असले तर सिस्टर हजर ठेवायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. शिबिरातलं कार्ड, खासगीतली सोनोग्राफी, आधार आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा. काही निघालंच तर कर्करोगाचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात आणि तिथे ही कागदपत्रं लागतात. खिडकीवर केसपेपर काढताना आईंचा आधी काढा. आणि बायोप्सी घेतली तर रिपोर्ट कोणत्या तारखेला, कोणत्या खोलीत मिळेल हे तिथेच केसपेपरवर लिहून घ्या.